पारा अंगात गेला तर: गलाईला निघालेल्या नव्या पोरांसाठी

२०११ च्या पावसाळ्यात केरळातल्या एका बँकेतल्या बाईंनी माझी पैसे काढायची स्लिप तीनदा परत केली. सही जुळत नव्हती. चौथ्यांदा मी काउंटरवर हात आपटला, काय वाटेल ते बोललो आणि पैसे न घेताच बाहेर आलो. चौदा वर्षं तीच सही करत होतो. आता 'प'ची काठी पायरीपायरीनं खाली उतरत होती. मला वाटलं पेन बिघडलंय. माणूसच बिघडलाय हे घरच्यांना त्याआधी चार महिने कळलं होतं, पण सांगायची कुणाची टाप नव्हती.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, पलीकडं साताऱ्याचे माण-खटाव, या कोरड्या पट्ट्यातलं पोरगं दहावी-बारावी झालं की एखाद्या मामाच्या नाहीतर चुलत्याच्या हाताखाली सोनं-चांदी गाळायला, म्हणजे गलाईला, बाहेर पडतं. देशाच्या कुठल्याही सराफ बाजारात जा, विट्याकडचं मराठी ऐकू येतं. भट्टी कशी पेटवायची, टंच, म्हणजे सोन्याचा कस, कसा काढायचा हे तुम्हाला तिथं शिकवतील. पाऱ्याचं कुणी शिकवत नाही, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. माझ्यावर आलेलं, मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलेलं आणि नंतर वाचून पडताळलेलं तेवढंच इथं आहे.

पारा शिरतो कुठून

गलाईत पाऱ्याशी गाठ पडते ती मातीच्या कामात. सोनाराच्या पेढीवरचा केर, पॉलिशची धूळ, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, जुनी पायपुसणी हे सगळं जाळून, कुटून, धुऊन खाली जड गाळ उरतो. त्यात पारा घालून चोळला की सोन्याचे बारीक कण पारा धरून ठेवतो आणि माती सुटी होते. मग फडक्यातून पिळायचं. जास्तीचा पारा खाली येतो, फडक्यात लोण्यासारखा पांढरा गोळा राहतो. तो तापवला की पारा उडतो, सोनं राहतं.

"पारा उडतो" हे आपण किती सहज म्हणतो! उडून जातो कुठं? तुमच्या छातीत, पत्र्याला, भिंतीच्या भेगांत आणि दोरीवर वाळत टाकलेल्या बनियनमध्ये.

पारा उकळतो ३५७ अंश सेल्सिअसला. पण वाफ व्हायला त्याला उकळावं लागत नाही. उघड्या वाटीतला पारा २० अंशांच्या गार खोलीतसुद्धा हळूहळू हवेत मिसळतो, आणि खोली बंद असेल तर हवेच्या एका घनमीटरमध्ये १३ मिलिग्रॅमच्या आसपास वाफ साठू शकते. आता मर्यादा बघा. कामाच्या जागेसाठी परदेशांत बऱ्याच ठिकाणी ०.०२५ मिलिग्रॅम धरतात; आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तक्त्यात ०.०५ होती. म्हणजे भट्टी न पेटवताही शेकडो पट. उन्हाळ्यात पारा... म्हणजे तापमान ४० वर गेलं की ही वाफ २० अंशांच्या मानानं जवळपास पाचपट होते. तिला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, धूर निदान खोकला आणून हाकलून तरी देतो.

लोकांची भीती नेमकी उलट्या ठिकाणी असते. पारा हाताला लागला की घाबरतात, गिळला तर माणूस गेलाच म्हणतात. प्रत्यक्षात थर्मामीटरमधला धातूचा पारा पोटात गेला तर तो आतड्यांतून जवळपास सगळा तसाच बाहेर पडतो. श्वासातून गेलेल्या वाफेतला मात्र सुमारे ८० टक्के पारा रक्तात उतरतो, आणि तिथून मेंदूत आणि किडनीत जाऊन बसतो. पाऱ्याच्या क्षारांची गोष्ट निराळी. रसकापूर पोटात गेला तर आतडं आणि किडनी दोन्ही जळतात. तिथं एक मिनिट न दवडता दवाखाना गाठायचा.

एका दिवसात झालेली बाधा

बंद खोलीत मोठा गोळा तापवला, नाहीतर पारा असलेली मूस (धातू वितळवायचं भांडं) चुकून भट्टीत गेली, तर काही तासांत थंडी वाजून ताप येतो, तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव येते, कोरडा खोकला, छातीत दाटून येणं, मळमळ. हे अगदी फ्लूसारखं दिसतं आणि पोरं क्रोसिन घेऊन त्याच खोलीत झोपतात. तसं करू नका. फुप्फुसं सुजून दम लागायला लागला तर ते जिवावर बेततं, आणि लहान मुलांच्या बाबतीत हे फार लवकर होतं. १०८ ला फोन करा, उघड्या हवेत बसवा आणि डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा, "पाऱ्याची वाफ छातीत गेलीय."

हळूहळू झालेली बाधा

आपल्या धंद्यात जास्त हीच. हिचा क्रम प्रत्येकात वेगळा असतो. माझा सांगतो.

आधी स्वभाव गेला. मी मूळचा गप्पिष्ट. पण त्या वर्षी दुकानात अनोळखी गिऱ्हाईक आलं की मी मागच्या खोलीत जायला लागलो. कुणी काम करताना बघत उभं राहिलं की घाम फुटायचा. दुसरीकडं घरी फोनवर बारीकसारीक गोष्टीवरून आग पाखडायची. लाजणं आणि चिडणं, दोन्ही एकाच माणसात. वैद्यकात याला एरेथिझम म्हणतात. युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सशाच्या केसांवर पाऱ्याचं नायट्रेट लावून टोप्यांचं कापड करायचे. त्या कारागिरांत हेच दिसायचं, आणि लोक त्यांना वेडे म्हणायचे. आम्हाला लोक "पैसा आला, माज आला" म्हणतात.

मग झोप गेली. मग विसरणं सुरू झालं: कुणाचा माल कुठल्या डबीत ठेवला, हेच आठवेना. गलाईत हे किती भारी पडतं ते सांगायला नको. एकदा वीस ग्रॅमचा हिशोब लागेना आणि मी एका बिचाऱ्या पोरावर चोरीचा आळ घेतला. डबी माझ्याच गादीखाली निघाली. त्याची माफी मागितलीय, पण ते असो.

तोंडात लाळ सुटायची, हिरड्या सुजून रक्त यायचं, तोंडाला वास यायचा. तंबाखूमुळं असेल म्हणून सोडून दिलं. शेवटी हात. पाऱ्याचं कापरं बोटांत, पापण्यांत, ओठांत बारीक सुरू होतं, आणि एखादी वस्तू उचलायला हात पुढं केला की वाढतं. चहाचा कप बशीवर वाजायला लागतो. आमच्या मालकाचा हात माझ्याहून जास्त कापायचा. सगळे म्हणायचे दारूनं कापतो. त्याला दारूचं वावडं होतं.

किडनीची खूण वेगळी: लघवीला साबणासारखा फेस, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायांवर. हातापायांना मुंग्या, बधिरपणा हेही होऊ शकतं.

लहान मुलांत चित्र बदलतं. तळहात-तळपाय गुलाबी होऊन दुखतात, कातडी सुटते, घाम फार येतो, पोर किरकिर करतं, हात लावू देत नाही, रक्तदाब वाढतो. दुकानाच्या वर किंवा मागं बिऱ्हाड असेल आणि मुलात हे दिसलं तर नुसत्या मलमावर थांबू नका.

वही करा

डॉक्टरनं मला उशिरा सांगितलेला हा उपाय, तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. दोनशे पानी वही घ्या. दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळी चहाआधी, तारीख टाकून तीन गोष्टी करा: सही, मधून बाहेर फिरत जाणारी एक गोगलगायीसारखी वेटोळी रेघ, हात टेकवल्याशिवाय, आणि कालच्या कामाच्या चार ओळी. बस्स. हात कापायला लागला की ती वेटोळी आधी सांगते.

दुसरी गोष्ट वहीत होत नाही, ती घरी फोन करून होते. बायकोला, आईला किंवा ज्याला आपल्यावर ओरडायचा अधिकार आहे अशा माणसाला सरळ विचारा: "माझ्यात काही बदल वाटतो का?" आणि उत्तर आलं की भांडू नका. माझ्या पत्नीनं पुढं सांगितलं, "तुम्ही फोन ठेवल्यावर मी रडायची, पण पैसे येत होते म्हणून गप बसायची." ती तेव्हाच बोलली असती तर चार महिने वाचले असते, आणि न बोलण्याचं कारणही मीच होतो.

इथं एक अडसर घालून ठेवतो. हात कापणारा प्रत्येक जण पाऱ्यानं आजारी नसतो. थायरॉइड, दारू सुटताना, दम्याची काही औषधं, साधा आनुवंशिक कंप, पार्किन्सन यांतही हात कापतो. चिडचिड, थकवा, विसराळूपणा तर कशानंही येतो. जो कधी पाऱ्याजवळ गेलेलाच नाही त्यानं हे वाचून स्वतःला बाधा ठरवू नये. लक्षणं आणि संपर्क, दोन्ही हवेत. आणि चांदीच्या कामात शिसंही असतं. पोटात मुरडा, घट्ट शौचाला, मनगट लुळं पडणं असं काही असेल तर रक्तातलं शिसं तपासून घ्या. धंदा एक, विषं दोन.

संशय आला की त्याच दिवशी

काम थांबवा. हे वाक्य लिहायला सोपं आहे; उचल घेतलेली असते, मालक नात्यातला असतो. तरी सांगतो, बाकी सगळे उपाय याच्या मागून. टाकीचा नळ चालू ठेवून फरशी पुसून उपयोग नाही.

त्याच खोलीत झोपत असाल तर मुक्काम हलवा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. पिशवीत बांधून बाजूला ठेवा. अंघोळ करा, नखं कापा. गरोदर बायको किंवा लहान मूल त्या जागेत राहत असेल तर आधी त्यांना हलवा. पाऱ्याची वाफ वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचते. गावाकडं यायचं असेल तर कामाचे कपडे, फडकी, कामाची चप्पल तिथंच सोडून या. मी माझी बॅग तशीच आणली होती आणि आईनं प्रेमानं सगळं धुऊन काढलं.

डॉक्टरकडं काय बोलायचं, काय तपासायचं

"अशक्तपणा आलाय" म्हणालात तर ताकदीचं इंजेक्शन मिळेल. सांगा: किती वर्षं पाऱ्याचं काम, दिवसाला किती तास, खोलीला खिडकी किती, शेवटचं काम कधी केलं. वही दाखवा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून सुरुवात करायला हरकत नाही, पण पुढं फिजिशियन आणि न्यूरॉलॉजिस्ट लागतात. आपल्या बाजूला त्यासाठी मिरज-सांगली, साताऱ्याकडच्यांना सातारा-कऱ्हाड. डॉक्टरांना विषबाधेबद्दल सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७. तिथं रुग्णाच्या घरच्यांनाही फोन करता येतो.

वाफेच्या बाधेत मुख्य तपासणी लघवीची. २४ तासांची सगळी लघवी, नाहीतर सकाळची एक वेळची घेऊन तिच्यातल्या क्रिएटिनिनच्या (लघवीतून नेहमी जाणारा एक पदार्थ) हिशोबानं आकडा काढतात. डबा प्रयोगशाळेनं दिलेलाच वापरा, घरातली बरणी नको. आणि नमुना दुकानात बसून देऊ नका. हातावरची धूळ डब्यात पडली तरी आकडा चढतो. पाऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाच्या लघवीत लिटरमागे सहसा १० मायक्रोग्रॅमच्या आत पारा असतो. १०० च्या पुढं गेलं की मज्जासंस्थेची लक्षणं दिसणं नवल नाही. काहींना त्याआधीही दिसतात. माझा पहिला आकडा क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे १३८ मायक्रोग्रॅम होता.

रक्ताची तपासणी नुकत्याच झालेल्या संपर्काची खबर देते. तिच्याआधी चार-पाच दिवस मासे खाऊ नका, कारण माशांतला पारा रक्तात दिसतो आणि गोंधळ होतो. सोबत लघवीतलं प्रोटीन आणि किडनीची तपासणी हवीच. केसांची तपासणी माशांतून येणाऱ्या मिथाइल पाऱ्यासाठी ठीक, आपल्या कामाची नाही.

एक सापळा आहे. काही ठिकाणी आधी पारा ओढणारी गोळी देतात आणि मग लघवी तपासतात. गोळी घेतल्यावर कुणाच्याही लघवीत पारा वाढतोच. तो वाढलेला आकडा साध्या माणसाच्या आकड्याशी ताडून बघायचा आणि घाबरवून महिनोन् महिने उपचार विकायचे, असं चालतं. तपासणी आधी, औषध मागून.

औषध आणि औषधाच्या नावावरचं बाकीचं

पारा बांधून लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या औषधांना केलेशनची औषधं म्हणतात. डीएमएसए, डीएमपीएस, डी-पेनिसिलामाइन ही नावं कानावर पडतील. त्यांनी लघवीतून जाणारा पारा वाढतो हे खरं. पण मेंदूला आधीच झालेली इजा त्यांनी किती भरून निघते याचा पुरावा तोकडा आहे, आणि पुरळ, रक्तातल्या पेशी कमी होणं, किडनीला त्रास असे त्यांचे स्वतःचे उपद्रव आहेत. कुणाला द्यायचं, किती दिवस, हे आकडा आणि लक्षणं बघून डॉक्टरच ठरवतात. माझ्या लघवीत प्रोटीन जात होतं. डॉक्टर म्हणाले, आधी पाऱ्यापासून लांब राहून दोन महिने बघू. माझ्यानंतर आलेल्या एका पोराला मात्र गोळ्या दिल्या. दोघांनाही एकच अट होती: गोळी घेत परत त्याच खोलीत बसायचं नाही.

'शरीरशुद्धी'च्या नावानं केलेशनची सलाइन लावून देणारे भेटतील. ईडीटीए या केलेशनच्या औषधाचा चुकीचा प्रकार गेल्यानं रक्तातलं कॅल्शियम कोसळून माणसं दगावलेली आहेत. असल्या ठिकाणी जाऊ नका.

आणि गूळ. गलाईत प्रत्येक दुकानात गुळाचा डबा असतो, गूळ खाल्ला की धूर-पारा उतरतो म्हणून. मीही चौदा वर्षं खाल्ला. गुळानं फक्त साखर वाढते. दूध-तूप, कोथिंबिरीचा रस, घाम काढणं यांचंही तेच. भूक लागली तर खुशाल खा. काही रसौषधींत मुळातच पारा असतो. पाऱ्याच्या बाधेवर पाऱ्याचंच औषध कुणी दिलं तर त्याला नमस्कार करून उठा.

सावरायला किती दिवस

वाफेतून आत गेलेला पारा शरीरातून निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. कुणाला थोडे कमी, कुणाला जास्त. मग उरलेल्याचा निम्मा पुढच्या दोन महिन्यांत. माझे आकडे असे: १३८, दोन महिन्यांनी ७४, सहा महिन्यांनी २१. काहीही जादू न करता. हा हिशोब लक्षात ठेवला की पंधरा दिवसांत बरं करतो म्हणणारा ओळखता येतो.

लक्षणं मात्र आकड्याच्या मागून चालतात. हिरड्या आणि लाळ तीन-चार आठवड्यांत सुधारली. झोप दोन महिन्यांनी आली. पहिल्यांदा सलग सात तास झोपलो त्या सकाळी आईनं मला हलवून बघितलं होतं. लघवीतलं प्रोटीन पाच महिन्यांत थांबलं. बऱ्याच जणांत किडनी अशी सावरते, पण तपासणी सोडायची नाही. हाताला आठ-नऊ महिने लागले. विसराळूपणा थोडा राहिलाय. कुलूप लावलं का ते दोनदा बघतो. बाधा जितकी जुनी तितकं मागं उरतं.

या काळात दारू-तंबाखू बंद. दारूनं हात कापला तर पाऱ्याचा किती आणि दारूचा किती ते डॉक्टरला कळणार कसं? शेतातलं हलकं काम चालतं. मात्र पहिले काही महिने तोल आणि हात यांवर भरवसा नको: मोटारसायकल दुसऱ्याला चालवू द्या, विहिरीवर एकट्यानं जाऊ नका. उदास वाटणं खोलवर गेलं, जगण्यात राम नाही असं वाटायला लागलं, तर तेही याच आजाराचं लक्षण समजून लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडं जा. आमच्या गावात त्याला लोक "डोक्याचा डॉक्टर" म्हणतात आणि पायरी चढायला लाजतात. मी तीन वेळा चढलो.

घरात पारा सांडला तर

थर्मामीटरमध्ये एखादा ग्रॅमच पारा असतो, जुन्या रक्तदाब यंत्रात शंभर ग्रॅमपर्यंत. कृती दोन्हीकडं एकच, यंत्राच्या वेळी फक्त कुणाला तरी मदतीला घ्या आणि डॉक्टरला विचारा.

मुलं, कुत्री-मांजरं बाहेर. खिडक्या उघडा, आतल्या खोल्यांचं दार लावा, पंखा-एसी बंद. झाडू अजिबात नको. एका थेंबाचे हजार होतात आणि झाडूही वाया जातो. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, तो पारा तापवून खोलीभर उडवतो. हातातल्या बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेवा: सोन्याला पारा लागला की ते पांढरं पडतं आणि मग तापवून घ्यायला माणसं आमच्याकडंच येतात. हातमोजे घाला. अंधार करून टॉर्च फरशीलगत धरा, थेंब चमकतात. दोन जाड कार्डांनी ते एकत्र ढकला, ड्रॉपरनं उचला, उरलेले बारीक चिकटपट्टीनं टिपा. सगळं झाकणाच्या बरणीत थोडं पाणी घालून, झाकण टेपनं बंद.

फटींत गेलेल्यासाठी गंधकाची पूड. तासगावकडच्यांच्या घरी द्राक्षाच्या भुरीसाठी आणलेलं गंधक असतंच. पाऱ्यावर ते भुरभुरलं की वर सल्फाइडचा थर धरतो आणि वाफ कमी होते. पण थंड पाऱ्यावर हे सावकाश होतं. गंधक टाकलं म्हणजे पारा संपला असं नाही, तीही पूड गोळा करून बरणीतच टाकायची. चादर-गालिच्यावर पडला असेल तर तेवढा भाग कापून टाका, वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. बरणी मोरीत, ओढ्यात, उकिरड्यात नाही. फुटका थर्मामीटर घरगुती धोकादायक कचऱ्यात मोडतो. नगरपालिकेला किंवा मोठ्या रुग्णालयाला विचारून द्या. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचं जिवाणू मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांत साठतो. जपानमधल्या मिनामाता शहरात १९५६ साली उघडकीला आलेला आजार कारखान्यानं खाडीत सोडलेल्या मिथाइल पाऱ्याचा होता. २०१३ चा पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार त्या शहराच्या नावानं आहे, आणि भारतानं त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

सोन्या-पाऱ्याचा गोळा घरी गॅसवर तापवायचा नाही हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. सुट्टीला आलेले काही जण घरच्या स्वयंपाकघरात हे करतात.

घरातले दुसरे पारे

गहू-ज्वारीच्या कणगीत टाकायच्या पारद गोळ्या काही घरांत अजून असतात. मुलांच्या हाताला लागतात, दळणात जातात. काढून टाका, कडक ऊन आणि कडुनिंबाचा पाला आहे.

गोरं करणारी क्रीम हा सध्याचा मोठा घोटाळा. आपल्याकडं सौंदर्यप्रसाधनात मुद्दाम पारा घालायला बंदी आहे, तरी बिनलेबलच्या डब्या बाजारात येतात. अशा क्रीमनं किडनी बिघडलेल्या रुग्णांची प्रकरणं केरळात आणि महाराष्ट्रातही समोर आली आहेत. आठ दिवसांत उजळवणारी, पत्ता नसलेली डबी दिसली आणि घरात कुणाच्या लघवीला फेस येत असेल, तर डबी घेऊनच डॉक्टरकडं जा.

दाढेत भरलेल्या 'चांदी'त निम्मा पारा असतो हे ऐकून ती उपटायला धावू नका. चांगली बसलेली चांदी काढतानाच जास्त वाफ होते. माशांत मोठे शिकारी मासे, मुशी-सुरमईसारखे, गरोदरपणी कमी खावेत, बांगडा-तारली ठीक.

परत कामावर जाताना

मी मातीच्या कामाला परत गेलो नाही, विट्यात छोटं दुकान टाकलं. सगळ्यांना हे जमणार नाही, म्हणून निदान एवढं बघा. पारा उघड्यावर उडवणाऱ्या दुकानात थांबू नका. बंद भांडं आणि वाफ गार करणारी नळी असलेलं रिटॉर्ट मिळतं, त्यात बराचसा पारा परत हाती येतो, म्हणजे मालकाचाही फायदा. बोलणी तिथूनच सुरू करा. रिटॉर्ट पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. रुमाल, सर्जिकल मास्क, एन-९५ यातलं काहीही पाऱ्याची वाफ अडवत नाही; तिच्यासाठी वेगळं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि ते कार्ट्रिज ठरल्या मुदतीत बदलावं लागतं. तेजाबात पारा विरघळवला तर वाफ टळते, पण तपकिरी धूर आणि विषारी पाणी मागं राहतं. कामाच्या खोलीत जेवण, झोप, विडी नाही. सहा महिन्यांतून एकदा लघवी तपासा. पाऱ्याची बाधा कायद्यानं कामाचा आजार म्हणून नोंदवलेली आहे, १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीतही ती होती. पण नोकरीचा कागद नसेल तर ते मिळवायला फार झगडावं लागतं. पगार खात्यावर घ्या, निदान तेवढा पुरावा राहतो.

आणि वहीचं पहिलं पान निघण्याआधी घरीच भरा, पाटावर बसून. एसटीत नको. विटा-मायणी रस्त्यावर कुणाचीही सही कापते.